दुसऱ्या पराभवाशिवाय संघ बाद कसा?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे आमच्या परभणी जिल्ह्यात कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या स्पर्धा दरवर्षी भरतात. यंदा एका तालुक्याच्या गावी झालेल्या मुलींच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत मी तीन दिवस गुणलेखक म्हणून टेबलावर बसलो होतो. त्या स्पर्धेचा शेवट ज्या रीतीने झाला, त्याविषयी हे पत्र आहे. आयोजकांचे किंवा कोणत्याही संघाचे नाव मी लिहीत नाही, कारण हा दोष एकाच मंडळाचा नाही. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही ही चूक मी वेगवेगळ्या मैदानांवर पाहिली आहे.

स्पर्धेत १६ संघ होते आणि माहितीपत्रकावर ‘स्पर्धा डबल नॉकआउट पद्धतीने खेळवली जाईल’ एवढे एकच वाक्य छापलेले होते; डबल नॉकआउट म्हणजे दुहेरी बाद, जिच्यात दोन सामने हरल्यावरच संघ बाद होतो. अंतिम सामन्यात एका बाजूला तालुक्याच्या शाळेचा संघ होता, जो तोपर्यंत एकही सामना हरलेला नव्हता, आणि दुसऱ्या बाजूला गोदाकाठच्या एका गावचा संघ होता, ज्याला याच शाळेच्या मुलींनी आदल्या दिवशी दोन सरळ सेटमध्ये हरवले होते. अंतिम सामना गोदाकाठच्या मुलींनी तिसऱ्या सेटमध्ये १५-१३ असा जिंकला. शाळेचे क्रीडाशिक्षक माहितीपत्रक हातात घेऊन टेबलाजवळ आले आणि त्यांनी शांतपणे विचारले, “आमचा हा पहिलाच पराभव आहे, मग दुसरा सामना किती वाजता?” त्यांना सांगण्यात आले की पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे आहे, उजेडही कमी झाला आहे आणि अंतिम सामना हा अंतिमच असतो. पाच मिनिटांत चषक दिला गेला.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. गेल्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच आयोजकांनी, मुलांच्या गटात अपराजित संघ अंतिम सामना हरल्यावर अर्ध्या तासाने दुसरा सामना खेळवला होता आणि चषक त्या अपराजित संघाने जिंकला होता. म्हणजे एकाच मंडळाने एकाच पद्धतीचे दोन वर्षांत दोन अर्थ लावले, आणि दोन्ही वेळा अर्थ लावला गेला तो सामना संपल्यानंतर, कोण हरले आणि कोण जिंकले हे डोळ्यांसमोर दिसत असताना. आयोजकांच्या मनात पक्षपात होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु नियम आधी लिहिलेला नसला की कितीही सरळ मनाने दिलेला निर्णय हरलेल्याला पक्षपातच वाटतो, आणि तसे वाटण्याला उत्तर देण्यासाठी आयोजकांच्या हातात कागदाचा तुकडाही नसतो.

ही पद्धत अनेक वाचकांना परिचित नसेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. साध्या बाद पद्धतीत एक पराभव झाला की संघ घरी जातो. १६ संघांची स्पर्धा १५ सामन्यांत संपते, कारण प्रत्येक सामन्यागणिक एक संघ बाद होतो आणि शेवटी एक उरतो. या पद्धतीची अडचण सर्व क्रीडाशिक्षकांना माहीत आहे. भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, काढताना सर्वांत बलवान संघ ज्या अर्ध्या भागात पडतो, त्याच भागात दुसऱ्या क्रमांकाचा संघ पडला, तर तो कधीच अंतिम फेरीत पोहोचत नाही. मानांकन न करता, म्हणजे बलवान संघ आधीच वेगवेगळ्या भागांत न ठेवता, नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या, तर १६ संघांच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाचा संघ पहिल्याच्या विरुद्ध भागात पडण्याची शक्यता १५ पैकी ८ इतकीच असते. उरलेल्या ७ वेळा उपविजेतेपद नशिबाने भलत्याच संघाकडे जाते. शिवाय भाड्याची जीप करून साठ-सत्तर किलोमीटरवरून आलेला मुलींचा संघ सकाळी नऊला हरतो आणि दहाला परतीच्या रस्त्याला लागतो, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की या पद्धतीविषयी मला प्रेम उरलेले नाही.

दुहेरी बाद पद्धत याच दुखण्यावरचा उपाय आहे. तिच्यात पहिल्या पराभवानंतर संघ विजयी गटातून पराभूत गटात, म्हणजे एकदा हरलेल्या संघांच्या गटात, उतरतो आणि तेथे जिंकत राहिला तर पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत येऊ शकतो. दुसऱ्यांदा हरला की मात्र बाद होतो. तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळा सामनाही लागत नाही, कारण पराभूत गटाचा अंतिम सामना हरणारा संघ आपोआपच तिसरा ठरतो. या पद्धतीचा सगळा पाया ‘दोन पराभवांनंतर बाद’ या एका वाक्यावर उभा आहे, आणि सामन्यांची संख्याही त्या वाक्यातूनच निघते. १६ पैकी १५ संघ बाद व्हायचे म्हणजे ३० पराभव व्हायला हवेत, आणि विजेता संघ स्वतः एकदा हरलेला असेल तर ३१. म्हणून दुहेरी बाद पद्धतीची भाग्यपत्रिका काढणाऱ्या जाणत्या शिक्षकाच्या कागदावर ३१व्या सामन्याची चौकट ‘आवश्यक असल्यास’ अशी नोंद करून आखलेली असते. आमच्या स्पर्धेच्या भाग्यपत्रिकेत ती चौकट नव्हती. ती असती, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाद घालण्याची कुणालाच गरज पडली नसती.

गोदाकाठच्या संघाच्या बाजूने त्या संध्याकाळी जो युक्तिवाद झाला, तो मी मनापासून ऐकला आणि त्याला उत्तर देणे आवश्यक समजतो. त्यांचे म्हणणे असे होते की अंतिम सामन्यात दोन्ही संघ समान पायरीवरून उतरतात, आधी काय झाले याला तेथे अर्थ नसतो, आणि क्रिकेटच्या आयपीएलमध्येही असेच चालते. हे उदाहरण अगदी योग्य आहे. आयपीएलमध्ये २०११पासून साखळीतील पहिल्या दोन संघांना बाद फेरीत एक जादा संधी मिळते. त्यांच्यातील सामना हरणारा संघ बाद न होता आणखी एक सामना खेळून अंतिम फेरी गाठू शकतो. २०१७मध्ये पुण्याच्या संघाने मुंबईला साखळीत दोनदा आणि त्यानंतर पहिल्या पात्रता सामन्यात तिसऱ्यांदा हरवले होते. मुंबईचा संघ कोलकात्याला हरवून अंतिम सामन्यात आला आणि तेथे त्याने पुण्याला अवघ्या एका धावेने हरवून विजेतेपद मिळवले. तीन वेळा हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून एका धावेने चषक गमावल्याचे दुःख पुण्याच्या खेळाडूंना झालेच असेल, परंतु अन्याय झाला असे कुणी म्हणाले नाही, कारण अंतिम सामना एकच होणार हे स्पर्धा सुरू होण्याआधीपासून सर्वांना माहीत होते आणि त्या स्पर्धेने स्वतःला कधी दुहेरी बाद म्हणवून घेतले नव्हते. आमच्या स्पर्धेने मात्र तसे म्हणवून घेतले होते. जो शब्द माहितीपत्रकावर छापला, त्याचा अर्थ पाळण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर येते.

दुसऱ्या अंतिम सामन्याने किती फरक पडतो, हे साध्या हिशोबाने समजते. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत असे धरू. एकच सामना असेल तर प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता निम्मी. परंतु पराभूत गटातून आलेल्या संघाला दोन सामने जिंकावे लागणार असतील, तर नाणे लागोपाठ दोनदा छापावर पडावे तशी त्याची शक्यता चारांत एक होते आणि अपराजित संघाची चारांत तीन. हे काहींना फारच झुकते माप वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण हे माप आयोजकांनी खिशातून काढून दिलेले नाही, ते मैदानावर कमावलेले आहे. गोदाकाठचा संघ आदल्या दिवशी हरला तेव्हा त्याला दुसरी संधी मिळाली. ती मिळाली म्हणूनच तो अंतिम सामन्यात आला. तीच संधी शाळेच्या मुलींच्या खात्यात शेवटपर्यंत न वापरलेली पडून होती. स्पर्धेतील बाकीच्या सर्व संघांना दोन पराभवांची मुभा आणि सर्वांत चांगले खेळलेल्या संघाला मात्र एकाच पराभवाची, असा उलटा न्याय त्या संध्याकाळी झाला.

वेळच नसेल तर काय करावे, हा प्रश्न मात्र खरा आहे. तीन सेटचा सामना चुरशीचा झाला की तास-सव्वा तास खातो, आणि ग्रामीण भागात मैदानावर दिव्यांची सोय असतेच असे नाही. अशा वेळी काही खेळांत अपराजित संघाला अंतिम सामन्यात सुरुवातीलाच एक डाव आघाडी दिली जाते. व्हॉलीबॉलमध्ये पाच सेटचा अंतिम सामना ठेवून अपराजित संघाने १-० अशा आघाडीने सुरुवात केली, तर तुल्यबळ संघांत त्याची शक्यता १६ पैकी ११ होते. म्हणजे दुसऱ्या सामन्याइतके झुकते माप नाही, पण कमावलेली आघाडी अगदी वायाही जात नाही. व्यक्तिशः मला न खेळलेला सेट गुणपत्रिकेत लिहिणे रुचत नाही आणि प्रेक्षकांनाही ते समजावून सांगणे जड जाते, तरी छापलेल्या नियमानुसार हे केले तर मी त्याला विरोध करणार नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलच्या अंतिम स्पर्धेत आणखी वेगळा मार्ग आहे: तेथे आठ संघांचे चार-चारचे दोन गट दुहेरी बाद पद्धतीने खेळतात आणि २००३पासून दोन्ही गटविजेत्यांमध्ये तीन सामन्यांची नवी मालिका होते, जिच्यात मागचे पराभव मोजले जात नाहीत. असे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतला कोणताही निवडण्याचा आयोजकांना पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार भाग्यपत्रिका काढण्यापूर्वी वापरायचा असतो, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता गोदाकाठच्या मुलींविषयी लिहितो, कारण अन्याय त्यांच्यावरही झाला आणि त्याची त्या दिवशी कुणी दखलही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस आला. मैदानावर मुरूम टाकलेला होता, तरी कडेची काळी माती वाहून आत आली आणि त्या दिवशीचे उरलेले सामने तिसऱ्या दिवशीवर गेले. विजयी गटाचा अंतिम सामना पावसाआधीच उरकलेला असल्याने शाळेच्या संघाला तिसऱ्या दिवशी एकच सामना खेळायचा होता. गोदाकाठच्या संघाला मात्र पराभूत गटातील तीन सामने आणि त्यानंतर अंतिम सामना, असे एका दिवसात चार सामने खेळावे लागले, आणि त्यांच्या संघात मुली होत्या आठच. पराभूत गटाचा अंतिम सामना संपल्यावर त्यांना वीस मिनिटांची विश्रांती मिळाली. त्यांची संघनायिका दोन्ही पोटऱ्यांना बर्फ लावून बसलेली मी टेबलावरून पाहत होतो. दुसरा अंतिम सामना झाला असता तर तो तिचा त्या दिवशीचा पाचवा सामना ठरला असता. म्हणून ‘दुसरा सामना घ्या’ एवढेच म्हणून मला थांबता येत नाही.

दुहेरी बाद पद्धतीत पराभूत गटाची वाट मुळातच लांब असते. १६ संघांत जो संघ पहिल्याच फेरीत हरतो, त्याला अंतिम सामना गाठायला पराभूत गटात लागोपाठ सहा सामने जिंकावे लागतात. अपराजित संघ चार सामन्यांत तेथे पोहोचतो. ही लांब वाट म्हणजे पराभवाची रास्त किंमत आहे आणि तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु ती किंमत जादा सामन्यांच्या रूपाने घ्यायची असते, विश्रांती हिरावून घ्यायची नसते. उलट, अपराजित संघालाही फार काळ नुसते बसवून ठेवणे बरे नव्हे. शाळेच्या मुली सबंध दिवस मांडवात बसून राहिल्या आणि पहिल्या सेटमध्ये त्यांचे हातपाय मोकळे व्हायच्या आतच सेट गेला.

विश्रांतीचा हा मुद्दा आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदकावर थांबले. तेव्हाच्या कुस्तीत एका पराभवाने मल्ल बाद होत नसे. दोषगुण साचत जात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले की तो बाद होई. एका दीर्घ कुस्तीनंतर खाशाबांना नियमाप्रमाणे मिळायला हवी होती ती विश्रांती न देताच पुढच्या कुस्तीसाठी बोलावले गेले आणि त्यांच्या बाजूने हरकत घ्यायला तेथे कुणी अधिकारी हजर नव्हता, असे आजही तालमीत सांगितले जाते. आमच्या पिढीने ही हकिकत ऐकून हळहळत दिवस काढले. तशी वेळ आपण आपल्या तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीवर आणू नये, असे मला कळकळीने वाटते. कुस्तीने पुढे रेपेचाजचा मार्ग स्वीकारला, ज्यात अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. २००८मध्ये सुशीलकुमार आणि २०१६मध्ये साक्षी मलिक यांची पदके याच वाटेने आली. दुसऱ्या संधीची किंमत आपल्या देशाला चांगली ठाऊक आहे. त्या वाटेने सुवर्णपदकापर्यंत मात्र जाता येत नाही, हे तेथे नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलेले असते आणि त्यामुळे मॅटजवळ त्यावरून भांडण होत नाही.

भाग्यपत्रिकेविषयीही एक सूचना करावीशी वाटते. विजयी गटातून खाली उतरणारे संघ पराभूत गटाच्या विरुद्ध भागात टाकले नाहीत, तर नुकतेच एकमेकांशी खेळलेले दोन संघ दोनच फेऱ्यांनी पुन्हा समोरासमोर येतात आणि दुसरी संधी मिळूनही एका संघाची स्पर्धा त्याच प्रतिस्पर्ध्याच्या हातून संपते. आमच्या स्पर्धेत हे दोनदा घडले. संघांची संख्या १६ नसून १३ असेल तर तीन संघांना पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश, द्यावी लागते. ती कुणाला द्यायची आणि पराभूत गटातही त्याच संघाला पुन्हा मिळू द्यायची का, हेही आधीच ठरलेले असावे.

माझी स्वतःची चूक येथे कबूल करतो. पहिल्या दिवशी सकाळी संघनायिकांची आणि व्यवस्थापकांची बैठक झाली तेव्हा मी हजर होतो. अपराजित संघ अंतिम सामना हरला तर काय, हा प्रश्न मला सुचला होता. परंतु आता वेळ जाईल, उद्घाटनाला उशीर होईल, या विचाराने मी तो विचारला नाही. त्या वेळी विचारला असता तर त्याचे कोणतेही उत्तर सर्व १६ संघांनी आनंदाने मान्य केले असते, कारण तेव्हा कोण अपराजित राहणार हे कुणालाच माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र दोन गावांचे लोक टेबलाभोवती उभे होते आणि कोणतेही उत्तर एका गावाला अमान्यच होणार होते.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या सर्व मंडळांना, शाळांना आणि जिल्हा संघटनांना माझी विनंती आहे की, दुहेरी बाद पद्धत निवडताना माहितीपत्रकावर आणखी चार ओळी छापाव्यात. अपराजित संघ अंतिम सामना हरल्यास दुसरा सामना होईल की नाही, होणार असल्यास तो किती वेळाने होईल, एका संघाला एका दिवसात जास्तीत जास्त किती सामने खेळावे लागतील आणि दोन सामन्यांत कमीत कमी किती विश्रांती मिळेल, एवढेच त्यात असावे. माझ्या मते तीन सेटच्या सामन्यांसाठी दिवसाला तीनची मर्यादा आणि पाऊण तासाची विश्रांती योग्य ठरेल. पावसामुळे एवढे सामने बसत नसतील तर पराभूत गटातील सामने एका सेटचे करावेत, पण तेही आधी लिहून. तेवढ्या सामन्यांसाठी जागा, पंच आणि दिवस नसतील, तर सरळ साखळी किंवा साधी बाद पद्धत घ्यावी. तिच्यात कमीपणा काहीच नाही. आणि बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांना वेळ देताना ३१वा सामना होणार असे गृहीत धरूनच द्यावी. तो झाला नाही तर पाहुण्यांना चहाला थोडा अधिक वेळ मिळेल.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. या स्पर्धेच्या वृत्तात शाळेच्या संघाचा ‘अंतिम सामन्यात पराभव’ एवढेच छापून आले. स्पर्धा कोणत्या पद्धतीची होती आणि तो त्यांचा पहिलाच पराभव होता, हे त्यात नव्हते. तालुका वार्ताहरांनी निकालासोबत स्पर्धेची पद्धत एका वाक्यात लिहिण्याची प्रथा पाडली, तर ती माहितीपत्रकावर छापण्याची निकड आयोजकांनाही वाटू लागेल. दिवाळीनंतर आमच्या भागात पुन्हा स्पर्धांचे दिवस सुरू होतात आणि माहितीपत्रके त्याआधी पंधरा-वीस दिवस छापखान्यात जातात. हे पत्र तोपर्यंत प्रसिद्ध झाल्यास उपयोगी पडेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
जि. परभणी